मिक्त्सोई शाळा : कालची आणि आजची

हनुक्का उलटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शाळेतून एक कागद येतो. कीता तेतमध्ये, म्हणजे नववीत शिकणारा नातू किंवा नात तो घेऊन येते. पुढची तीन वर्षे, कीता युदपासून युद-बेतपर्यंत, कोणत्या मेगामात शिकायचे ते त्यावर लिहून द्यायचे असते. यादीत जीवशास्त्र, इतिहास, अरबी हे विषय असतात, तसेच इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रकाम, संगणक, मोटार-दुरुस्ती हेही असतात. मुलाने यांतल्या एखाद्या तांत्रिक मेगामावर बोट ठेवले की शाब्बाथच्या जेवणावर वाद सुरू होतो. आईबाप म्हणतात, त्याला आवडते ते करू द्या. आजोबा म्हणतात, "आम्ही मिक्त्सोई शाळेत गेलो, आमचे काय झाले ते पाहा." आजी म्हणते, "काय झाले? घर चालले ना त्याच्यावर?"

दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. आम्ही मुंबईत एस. एस. सी. व पुढे पदवी घेऊन या देशात आलो आणि निवृत्त होईपर्यंत दक्षिणेतील एका शहरात तांत्रिक शाळेत गणित शिकवले. आपल्या समाजाची मुले आमच्या वर्गात बसली, त्यांचे आईबाप आमच्याशी मराठीत बोलले. त्या अनुभवावरून आणि शाळांच्या नियमांवरून या लेखात तीन गोष्टी समजावून सांगायच्या आहेत : त्या काळी मिक्त्सोई शाळा म्हणजे नेमके काय होते, तिथे मुलांचे काय कमावले आणि काय गमावले गेले, आणि आज नातवंडांसाठी कागदावर सही करण्याआधी काय विचारावे.

घाण्यापासून मेजापर्यंत

प्रथम आपल्या मनातली अढी पाहू. हाताच्या कामाची लाज ही आपल्या समाजाची मूळची गोष्ट नव्हे. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईत आल्यावर आपल्यातले कितीतरी जण सुतार व गवंडी म्हणून नावाजले. धर्माचेही सांगणे तसेच आहे. तल्मूदमध्ये, किद्दूशीन या भागात, बापाने मुलाप्रती करावयाच्या कर्तव्यांत त्याला तोरा शिकविण्याबरोबर एखादा धंदा शिकविणे हेही मोजले आहे.

अढी आली ती इंग्रजी अमदानीत. पलटणीतल्या नोकरीमुळे व मिशनच्या शाळांमुळे आपल्यात अक्षरओळख लवकर आली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत इस्राएलाइट स्कूल उभे राहिले. तेच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाले. शिकलेला मुलगा रेल्वेत, कस्टममध्ये, पोस्टात, म्युनिसिपालिटीत चिकटू लागला. दोन पिढ्यांत मेज-खुर्ची ही प्रतिष्ठेची खूण झाली. आमच्या लहानपणी मॅट्रिक झालेल्या मुलाचे पेढे वाटले जात, आणि टेक्निकल हायस्कूलला गेलेल्या मुलाबद्दल "त्याचे अभ्यासात डोके नाही" असे हलक्या आवाजात बोलले जाई. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ पासून चालू होती व तिथून निघालेल्या माणसाला मान होता. पण तो मान इंजिनिअरला होता, फिटरला नव्हता.

ही समजूत बरोबर घेऊन आपली कुटुंबे विमानातून उतरली. आणि इथे बऱ्याच जणांच्या मुलांना पाठवण्यात आले ते नेमके फिटरच्या शाळेत.

इथे काय व्यवस्था होती

१९४९ साली इस्राएलमध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्याने बालवर्ग आणि पहिली ते आठवी एवढेच शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आठवीनंतर सरकारची जबाबदारी संपत असे. पुढची चार वर्षे ज्याला शिकायचे त्याने फी भरायची. उत्पन्नाप्रमाणे फी कमी होई, ती पूर्ण माफही होऊ शके, पण त्यासाठी अर्ज, कागदपत्रे आणि बरे हिब्रू लागे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून आठवीच्या मुलांची देशभर एक परीक्षा घेतली जाऊ लागली. तिला सेकेर म्हणत. आपल्या वयाच्या वाचकांना तो शब्द आठवत असेल. सेकेरमध्ये वर आलेला मुलगा इयूनी शाळेत, म्हणजे पुस्तकी अभ्यासाच्या शाळेत जाई. खाली राहिलेला मिक्त्सोई शाळेत, किंवा शेतकी शाळेत, किंवा थेट कामावर.

कामावर गेलेल्यांसाठी १९५३ चा उमेदवारीचा कायदा होता. त्याप्रमाणे मुलगा एखाद्या कारखान्यात किंवा गॅरेजमध्ये उमेदवार म्हणून राही आणि आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत जाई.

मिक्त्सोई शाळा चालविणाऱ्या मोठ्या संस्था अजूनही आहेत. ऑर्ट ही संस्था १८८० साली रशियात, सेंट पीटर्सबर्ग येथे, गरीब ज्यूंना हस्तव्यवसाय व शेती शिकविण्यासाठी निघाली. इस्राएलमध्ये तिचे काम १९४९ पासून आहे. मुंबईतही साठच्या दशकात तिने काम सुरू केले आणि आपल्या समाजातल्या कितीतरी तरुणांनी यंत्रकामाचे पहिले धडे तिथे गिरवले. आमालच्या शाळा हिस्ताद्रुतने १९२८ पासून काढल्या. धार्मिक घरांतील मुलांसाठी अमितच्या शाळा होत्या. शेतकी शाळांत सर्वांत जुनी मिक्वे इस्राएल, १८७० सालची.

१९६८ मध्ये कनेसेतने शाळांची फेररचना मान्य केली. मधली शाळा, म्हणजे हतीवत बेनायीम, निघाली आणि पुढे सक्ती दहावीपर्यंत गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सेकेर बंद झाला. १९७८ मध्ये बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत झाले. पण परीक्षा गेली तरी वाटणी गेली नाही. सत्तरच्या दशकात देशातील माध्यमिक मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुले तांत्रिक शाखेत होती, आणि त्यांत आशिया-आफ्रिकेतून आलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण फार मोठे होते.

याची कारणे अनेक. दिमोना, बेर-शेवा, अश्दोद, किर्यात गात, लोद अशा ज्या गावांत आपल्याला वसवले, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी जवळची शाळा तांत्रिकच होती. चांगली इयूनी शाळा दूरच्या शहरात, बसने जाण्यासारखी. घरात चार-पाच मुले, बाप पाळीवर, आई नुकतीच उल्पानमधून बाहेर पडलेली. शाळेची योएत्सेत म्हणे, "तुमच्या मुलाच्या हातात कसब आहे," आणि आईबाप मान डोलावून सही करीत. कागद हिब्रूत असे. त्यावर काय लिहिले आहे हे कोणी उलगडून सांगत नसे.

आपल्या मुलांची एक अडचण निराळी होती, ती आम्ही वर्गात वर्षानुवर्षे पाहिली. मुंबई-पुण्याहून आलेल्या मुलाचे पाढे तोंडपाठ असत, इंग्रजी वर्गातल्या इतरांपेक्षा बरे असे. पण हिब्रू कच्चे. गणिताचे उदाहरण शब्दांत लिहिलेले असले की त्याला प्रश्नच कळत नसे. कागदावर त्याचे गणित कच्चे ठरे. खरे तर कच्ची होती ती भाषा, आणि ती एका वर्षात भरून निघणारी होती.

कार्यशाळेतले शिक्षण

आता शाळेच्या आत जाऊ. आठवड्याचे काही दिवस वर्गात आणि काही कार्यशाळेत, अशी वाटणी असे. वर्गात हिब्रू, तनाख, इतिहास, गणित, इंग्रजी, तांत्रिक रेखाटन. कार्यशाळेत निळा डगला चढवून उभ्याने काम.

मसगेरूत, म्हणजे लोखंडकामाच्या मेगामात पहिले काही महिने मुलाच्या हातात एकच हत्यार असे : कानस. लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा शिकंज्यात आवळायचा आणि घासून घासून त्याच्या बाजू सपाट व एकमेकींशी काटकोनात आणायच्या. शिक्षक गुण्या लावून ठोकळा उजेडासमोर धरीत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा परत. मुले वैतागत. पण या ठोकळ्याने ती एक गोष्ट शिकत जी पुस्तकाने शिकवता येत नाही : साधारण सरळ आणि सरळ यांत फरक आहे, आणि लोखंडापुढे सबब चालत नाही.

त्यानंतर लेथ, मिलिंग, वेल्डिंग. मापे व्हर्निअर कॅलिपरने आणि मायक्रोमीटरने, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. विजेच्या मेगामात आधी तारा जोडणे, मग मोटार गुंडाळणे, मग नियंत्रणाची पेटी. सुतारकामात करवत, रंधा, पटाशी आणि लाकडाचे सांधे. मोटारीच्या मेगामात इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बसविणे.

गणित शिकवणाऱ्याला या शाळेत एक सुख होते. त्रिकोणमिती मुलांना हवेतली वाटते. पण लेथवर निमुळता दांडा काढायचा असेल तर तीच लागते. समजा, दांड्याचे एक टोक ४० मिलिमीटर व्यासाचे, दुसरे ३० मिलिमीटरचे, आणि निमुळता भाग ५० मिलिमीटर लांब. हत्यार किती अंशांत फिरवून ठेवायचे? व्यासांतला फरक १०. त्याचा निम्मा ५. ५ भागिले ५० म्हणजे ०.१. ज्या कोनाचा टॅन्जंट ०.१ आहे तो कोन, म्हणजे सुमारे ५.७ अंश. फळ्यावर हे उदाहरण पाहून जांभया देणारी मुले दुसऱ्या दिवशी कार्यशाळेतून धावत येत आणि सांगत, "मोरे, बसला! दांडा नीट बसला!" वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला आपण काही करू शकतो असे पहिल्यांदा वाटले ते पुष्कळदा कार्यशाळेत. हा मिक्त्सोई शाळेचा खरा गुण होता.

मुलींच्या वाट्याला निराळ्या मेगामा आल्या : शिवणकाम, कार्यालयीन कामकाज व टंकलेखन, केशरचना, बालसंगोपन, शुश्रूषा. शिवणाच्या वर्गातून काही मुली कापडाच्या गिरण्यांत व शिवणकारखान्यांत गेल्या. शुश्रूषेकडे वळलेल्या आपल्या मुलींनी मात्र नाव काढले. आज दक्षिणेतल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जा, मराठी बोलणारी परिचारिका भेटेल. ज्या मुलीला यंत्रे आवडत तिच्यासाठी मात्र त्या काळी जागाच नव्हती.

एका छपराखाली तीन जिने

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बाहेरून पाहणाऱ्याला मिक्त्सोई शाळा एक दिसे. आत तीन पातळ्या होत्या. वरच्या पातळीवरची मुले धंद्याबरोबर बगरूतच्याही परीक्षा देत. मधल्या पातळीवरच्या मुलांना तेऊदात ग्मार, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा व धंदा शिकल्याचा दाखला मिळे. बगरूतचे काही विषय घेतले तर घेतले. खालच्या पातळीवर हाताचे काम पुष्कळ, पुस्तक थोडे, आणि बगरूतचा प्रश्नच नाही.

पेढे तिन्ही घरांत वाटले जात. मुंबईच्या सवयीने आईबापांना वाटे की बारा वर्षे शाळा झाली, दाखला हातात आला, म्हणजे मुलगा मॅट्रिक झाला. पण तेऊदात ग्मार म्हणजे बगरूत नव्हे. बगरूतशिवाय विद्यापीठाचे दार सहसा उघडत नाही, पुष्कळ सरकारी जागांसाठी अर्ज करता येत नाही, सैन्यातही काही वाटा बंद होतात. हे घरच्यांना कळे ते मुलगा सैन्यातून परत आल्यावर, एकवीस-बावीस वर्षांचा झाल्यावर.

आमच्या वर्गातल्या अशा एका मुलाचे नाव आम्ही लिहीत नाही. अशी मुले एक नव्हे, अनेक होती. गणितात त्याची झेप अशी की फळ्यावरचे उदाहरण आमच्या आधी सोडवी. तो मधल्या पातळीवर होता, कारण तीन वर्षांपूर्वी देशात आला तेव्हा त्याला तिथे बसवले गेले होते. त्याला वरच्या पातळीवर न्यावे म्हणून आम्ही दोनदा लेखी विनंती केली. उत्तर आले की त्या वर्गात जागा नाही, आणि शिवाय त्याला चांगली नोकरी मिळेलच. नोकरी मिळालीही. विमानांचे सुटे भाग बनविणाऱ्या खात्यात तो उत्तम कारागीर झाला. पण त्याने ज्या भागांची मापे आयुष्यभर काटेकोर राखली, त्यांची रेखाटने इतरांनी काढली. त्याला ते काढता आले असते.

योस्सी शावित या समाजशास्त्रज्ञांनी ऐंशीच्या व नव्वदच्या दशकांत या वाटणीचा अभ्यास करून दाखवले की पूर्वेकडून आलेल्या घरांतील मुले तांत्रिक शाखेत मोठ्या प्रमाणावर वळवली गेली आणि त्यामुळे उच्च शिक्षणाची त्यांची वाट अरुंद झाली. आपल्या आजोबांची तक्रार म्हणजे नुसती कुरकुर नव्हे, ती अभ्यासाने सिद्ध झालेली गोष्ट आहे.

आणि आजीचे? तेही तितकेच खरे. या शाळा नसत्या तर त्यांतली पुष्कळ मुले आठवीनंतर रस्त्यावर किंवा बिनकसबी मजुरीवर गेली असती. शाळेने त्यांना बारावीपर्यंत धरून ठेवले. सैन्यात त्यांना रणगाडे, विमाने, रेडिओ यांच्या दुरुस्तीच्या तुकड्यांत जागा मिळाली. लोदच्या परिसरात विमान-उद्योगात आपल्या समाजाची किती माणसे लागली आणि वर चढली हे सांगायला नको. पगारातून घरे झाली, मुलांची लग्ने झाली. काहींनी रात्रशाळेत बगरूत पुरी केली, काहींनी सैन्यानंतर मेखिनात एक वर्ष काढून विद्यापीठ गाठले, काही हंदेसाई झाले. ज्यांनी तसे केले त्यांच्यासाठी कानशीपासून सुरू झालेले शिक्षण अडथळा ठरले नाही, उलट पाया ठरले.

अडचण त्यांना आली ज्यांच्याजवळ एकच यंत्र होते आणि दुसरे दार नव्हते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कापडाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हाताने चालवायच्या लेथची जागा संगणकाने चालणाऱ्या यंत्राने घेतली. ज्याचे गणित पक्के होते तो नवे यंत्र शिकला. ज्याला फक्त जुनी मूठ फिरवता येत होती तो पन्नाशीत घरी बसला.

म्हणून आमचे म्हणणे असे : आपल्या मुलांचे नुकसान धंदा शिकल्याने झाले नाही. धंद्याबरोबर दुसरे दार बंद केले गेले, त्याने झाले. ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढला तर नातवंडांना चुकीचा सल्ला मिळेल.

आज काय बदलले आहे

मिक्त्सोई हा शब्द शाळांच्या पाट्यांवरून जवळजवळ गेला. आता तेख्नोलोगी म्हणतात. साधारण शाळेतही तांत्रिक मेगामा असतात, आणि ऑर्ट किंवा आमालच्या शाळेतही पुस्तकी मेगामा असतात. शिक्षणखाते तांत्रिक मेगामांचे ढोबळमानाने तीन गट मानते. पहिला हंदेसाचा, म्हणजे अभियांत्रिकी गट : इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर, यंत्ररचना. दुसरा तंत्रज्ञानाचा गट : आरोग्य, व्यवस्थापन, रेखांकन, माध्यमे. तिसरा थेट कामधंद्याकडे नेणारा. याखेरीज कामगार खात्याच्या देखरेखीखाली वेगळ्या शाळा आहेत, जिथे मुलगा काही दिवस शिकतो व काही दिवस पगारी काम करतो. सैन्याशी जोडलेल्या शाळाही आहेत. हैफातील हवाई दलाची तांत्रिक शाळा त्यांपैकी प्रसिद्ध.

पहिल्या गटातल्या मेगामांची पुस्तकी मेगामांपेक्षा सोपी म्हणून हेटाळणी करणे आता हास्यास्पद आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा सॉफ्टवेअर घेतलेल्या मुलाला सर्व सक्तीचे विषय असतातच, वर मेगामाचे विषय आणि शेवटी स्वतः तयार केलेला प्रकल्प, ज्यावर परीक्षक समोर बसून प्रश्न विचारतात. या वर्गांत आता मुलीही बसतात.

पण तीन जिने अजून आहेत. फक्त त्यांची नावे गोड झाली आहेत. म्हणून नाव पाहू नये, जिना कुठे जातो ते पाहावे.

पूर्ण बगरूतसाठी आज किमान २१ येहिदोत लागतात. त्यांत तनाख, साहित्य, हिब्रू, इतिहास, नागरिकशास्त्र, इंग्रजी, गणित आणि एक तरी विषय ५ येहिदोतचा हवा. गणित व इंग्रजी ३, ४ किंवा ५ येहिदोतचे घेता येते. ३ चे घेऊनही बगरूत पुरी होते. पण विद्यापीठाला सहसा इंग्रजी निदान ४ चे लागते, आणि अभियांत्रिकीला जायचे तर गणित ४ किंवा ५ चे. दार उघडे की अर्धे उघडे, हे या दोन आकड्यांवर ठरते.

सही करण्याआधी विचारावयाचे प्रश्न

शाळांमध्ये निवडीआधी योम पातूआह असतो, म्हणजे पालकांना शाळा दाखवण्याचा दिवस. तिथे आजी-आजोबांनीही जावे आणि हे प्रश्न न लाजता विचारावेत.

१. या मेगामातून पूर्ण बगरूत मिळते का? "मिळू शकते" हे उत्तर पुरेसे नाही. गेल्या वर्षी या मेगामात बारावीला किती मुले होती आणि त्यांतल्या किती जणांना पूर्ण बगरूत मिळाली, हा आकडा मागावा.

२. या मेगामात गणित आणि इंग्रजी किती येहिदोतचे शिकवतात? मुलाची प्रगती झाली तर वरच्या गटात जाता येते का, आणि कोणत्या महिन्यापर्यंत?

३. शेवटी कोणता दाखला मिळणार? शिक्षणखात्याचा की कामगार खात्याचा? दोन्हींचे उपयोग वेगळे आहेत.

४. पुढे युद-गिमेल व युद-दालेत, म्हणजे तेरावी-चौदावी, याच शाखेत करता येते का? तेरावीनंतर तंत्रज्ञ आणि चौदावीनंतर हंदेसाई होता येते. सैन्यात जाण्याआधी ही वर्षे पुरी करता येतील का, हे नीट विचारावे.

५. कार्यशाळा दाखवा. यंत्रे चालू स्थितीत आहेत का, त्यांवर मुले प्रत्यक्ष काम करतात का? धूळ बसलेले यंत्र पाहिले की बाकी उत्तर मिळते. ही तपासणी आपल्यापैकी ज्यांनी चाळीस वर्षे कारखान्यात काढली ते शिक्षकांपेक्षा चांगली करतील.

६. शेवटचा प्रश्न शाळेला नव्हे, नातवंडाला. हे तू निवडलेस की तुला सुचवले? आणि सुचवले असेल तर कोणत्या कारणाने? "माझे मार्क कमी पडले म्हणून" असे उत्तर आले तर मार्क कशामुळे कमी पडले ते आधी शोधावे. एका विषयाच्या शिकवणीने भागण्यासारखे असेल तर त्यासाठी तीन वर्षांची वाट बदलू नये.

घरच्या वडीलमाणसांनी

मुलाला इलेक्ट्रॉनिक्सची खरी आवड असेल, गणित-इंग्रजीची दारे उघडी असतील, तर "फिटर होणार काय?" असे म्हणून त्याचा हिरमोड करू नये. उलट, मुलगी पुस्तकी मेगामा मागत असेल आणि शाळा तिला "तुझ्यासाठी हेच बरे" म्हणून दुसरीकडे वळवत असेल, तर गप्प बसू नये. आपल्या पिढीत आईबाप गप्प बसले, कारण त्यांना भाषा येत नव्हती आणि मास्तरांपुढे उलट बोलण्याची रीत नव्हती. आज आपल्याला भाषा येते. योएत्सेतला भेटण्याची वेळ मागावी, म्हणणे लेखी द्यावे, उत्तर लेखी मागावे.

आणि ज्यांनी ती जुनी शाळा पाहिली आहे त्यांनी नातवंडांना ती गोष्ट पुरी सांगावी. नुसता अन्याय सांगू नये आणि नुसता अभिमानही नको. काटकोनात आलेला ठोकळा सांगावा, आणि न मिळालेली बगरूतही सांगावी. म्हणजे मुलाला कळेल की हात आणि पुस्तक यांत निवड करायची नसते. दोन्ही एकत्र मागायची असतात.

निवड झाली म्हणजे विषय संपला असेही समजू नये. कीता युदच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुलाच्या वह्या पाहाव्यात, गणिताच्या कोणत्या गटात बसवले आहे ते विचारावे. चुकीच्या जागी बसवले असेल तर तेव्हा बदलणे सोपे असते. युद-अलेफमध्ये ते अवघड होते, आणि युद-बेतमध्ये फार उशीर झालेला असतो.

शालोम.